स्वप्नात पडणारा विसर



आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्न चालू असतानाच ज्याला कळते, त्याच्या त्या स्वप्नाला सजग स्वप्न म्हणतात. जगभर ते ल्युसिड ड्रीम या नावाने ओळखले जाते. असे स्वप्न कसे पडते, ते प्रयत्नाने पाडता येते का, आणि झोप व जाग यांच्या सीमेवर आणखी काय काय घडते, असा या व्याख्यानाचा क्रम आहे. शेवटचा भाग परभणी जिल्ह्यातल्या गावांना सर्वांत जवळचा आहे. झोपेतले काही अनुभव इथे आजही डॉक्टरांच्या आधी देवऋष्याकडे जातात.

तुकोबांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत बाबाजी चैतन्य भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. त्यांनी भोजनासाठी पावशेर तूपही मागितले होते. ते द्यायचे राहून गेले. स्वप्नात विसर पडला, असे तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले आहे. वारकरी परंपरेने या स्वप्नातला उपदेश जपला, आणि ते योग्यच आहे. झोपेच्या अभ्यासकाची नजर मात्र त्या विसरावर खिळते. एवढा मोठा प्रसंग सांगताना तुकोबांनी तो विसर का नोंदवला? कारण ते जे घडले ते, जसे घडले तसे सांगत होते. स्वप्नाचे याहून प्रामाणिक निरीक्षण मराठीत शोधून सापडणार नाही.

स्वप्नात डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, भीती वाटते, आनंद होतो. मग नसते काय? आठवण नसते. वारलेले वडील अंगणात बसलेले दिसतात आणि ते वारले आहेत हे आठवत नाही. दहावीची परीक्षा पुन्हा द्यायची असते आणि ती तीस वर्षांपूर्वी झाली हे आठवत नाही. आपण रात्री अंथरुणावर पडलो होतो, हेही आठवत नाही. ही शेवटची आठवण ज्या क्षणी परत येते, त्या क्षणी साधे स्वप्न सजग होते. सजग स्वप्न म्हणजे सिद्धी नव्हे, शक्ती नव्हे, देहाबाहेर जाणे नव्हे. ती परत आलेली एक आठवण आहे. ते साधण्याच्या सगळ्या पद्धती याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हा विसर पडतो कशाने? 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेत ठरावीक वेळाने बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला आरईएम झोप म्हणतात. सुमारे 90 मिनिटांचे एक चक्र, रात्रीत अशी चार ते पाच चक्रे, आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी आरईएमचा टप्पा. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा त्यात जातो. या टप्प्यात दृश्य आणि भावना घडवणारे मेंदूचे भाग जोरात काम करतात. कपाळामागचा, विचार पारखणारा आणि संदर्भ सांभाळणारा भाग मात्र मंदावतो. चित्र पूर्ण उमटते, पण ते तपासून पाहणारा जवळपास गैरहजर असतो.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यात घडते आणि ती नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आरईएम झोपेत मेंदूच्या देठातून निघणारे संदेश हातापायांच्या स्नायूंना पूर्ण शिथिल करतात. स्वप्नात धावणारा माणूस खरोखर उठून धावू नये, यासाठीची ही सोय आहे. दोन गोष्टी तिच्यातून सुटतात: श्वास चालवणारा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू.

आरईएमचे पहिले टप्पे काही मिनिटांचे असतात आणि रात्र सरते तसे ते लांबत जातात. सर्वांत मोठी स्वप्ने पहाटे पडतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, या समजुतीचे मूळ इथे असावे. खरे होण्याचा पुरावा नाही. पण ते लांब असते, स्पष्ट असते आणि लगेच जाग आल्यामुळे आठवते, हे अगदी खरे आहे. कुडमुडे वाजवत पिंगळा दारावर यायचा तो याच वेळी. त्याच्या आवाजाने जागा झालेला माणूस बहुतेकदा थेट स्वप्नातून उठत असे. अशा वेळी ऐकलेले भविष्य मनात खोल रुतले, तर त्यात नवल काय?

आता प्रश्न पुराव्याचा. झोपेत आपल्याला भान होते, असे कोणी सांगितले तर ते मानायचे कशावरून? फ्रान्समध्ये एर्वे द सां-दनी यांनी 1867 मध्ये आपल्या स्वप्नांवर आणि ती वळवण्याच्या उपायांवर ग्रंथ लिहिला. डच लेखक आणि वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांनी 1898 ते 1912 या काळात आपली 500 स्वप्ने टिपली, त्यांतली 352 सजग होती, आणि 1913 च्या निबंधात त्यांनी या स्वप्नांना आजचे इंग्रजी नाव रूढ करून दिले. तरीही अनेक शास्त्रज्ञ म्हणत राहिले की ही क्षणभराची जाग असावी, झोप नव्हे. शंका रास्त होती. जागे झाल्यावरचे सांगणे हा झोपेतल्या भानाचा पुरावा होत नाही. पुरावा झोपेच्या आतूनच यायला हवा होता.

तो आला 12 एप्रिल 1975 रोजी. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाच्या मेंदूच्या लहरी, स्नायू आणि डोळे यांची नोंद चालू ठेवली होती. सारे शरीर शिथिल, पण डोळे मोकळे. मग खूण डोळ्यांनीच का करू नये? सजग होताच डोळे डावीकडे-उजवीकडे ठरल्याप्रमाणे हलवायचे, असे आधी ठरले होते. पहाट उलटून गेल्यावर कागदावर ती खूण उमटली. मेंदू आरईएममध्ये, स्नायू शिथिल, आणि डोळे ठरलेल्या रीतीने हलत होते. पाठोपाठ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. त्यांनी स्वप्नात दहा सेकंद मोजले आणि सुरुवातीला व शेवटी डोळ्यांची खूण केली. लागलेला वेळ जागेपणी मोजायला लागतो तेवढाच निघाला. स्वप्नातला काळ क्षणार्धात उरकतो, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

2021 मध्ये तर संवादच झाला. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथल्या चार प्रयोगशाळांनी 36 जणांवर केलेले काम एकत्र प्रसिद्ध झाले. झोपलेल्याला हलक्या आवाजात विचारले: आठातून सहा गेले किती? झोपलेल्याने डोळे दोनदा हलवले. बरोबर उत्तरे एकूण प्रयत्नांच्या सुमारे 18 टक्के होती. साठ टक्क्यांहून अधिक वेळा काहीच उत्तर आले नाही. या दुसऱ्या आकड्यावरून सजग अवस्था किती नाजूक असते ते समजते.

भारतीय परंपरेचे काय? मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा अवस्था मांडल्या. पतंजलींनी चित्त स्थिर करण्याच्या उपायांत स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार घेण्याचाही समावेश केला. नारोपांच्या नावाने तिबेटात गेलेल्या सहा योगांत स्वप्नयोग आहे. त्यात साधकाने दिवसभर, समोर दिसते तेही स्वप्नच, असा भाव धरायचा असतो. मग तीच सवय रात्री स्वप्नात उतरते. पाश्चात्त्य प्रयोगशाळेतल्या पद्धतींचे हे सर्वांत जवळचे पूर्वरूप. उद्देश मात्र वेगळा आहे. स्वप्नयोगात मौज करायची नाही, जगाविषयीची आसक्ती सैल करायची आहे. दोन्हींना एकच म्हणणे हा दोन्हींवर अन्याय होईल.

मराठी संतांची स्वप्ने बहुतेक सजग नाहीत, ती साक्षात्काराची आहेत. पण त्यांतून एक पद्धत शिकता येते. वेरूळजवळच्या देवगावच्या बहिणाबाई कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांच्या कानावर तुकोबांचे अभंग पडले. देहूला जाणे शक्य नव्हते. घरातून विरोध, लाडक्या वासराचा मृत्यू, आणि मनात अखंड एकच ध्यास. मग स्वप्नात तुकोबा आले आणि त्यांनी उपदेश केला. आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत बहिणाबाईंनी हा क्रम स्वतः लावून दिला आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे तर आजीही सांगते. जागेपणी धरलेला हेतू झोपेत पोचतो, हे यातले मर्म. आणि सजग स्वप्नाची सर्वांत भरवशाची पद्धत नेमकी याच मर्मावर बसवलेली आहे.

त्या पद्धतीकडे जाण्याआधी पाया. जे स्वप्न आठवतच नाही, त्यात भान आले होते की नाही हे कळणार कसे? म्हणून पहिली पायरी स्वप्नवही. जाग येताच कूस न बदलता, डोळे न उघडता, आत्ता काय चालले होते ते मागे मागे आठवत जायचे आणि मग लिहायचे. एखादा रंग, एखादे वाक्य, एवढेच हाती लागले तरी लिहायचे. काही आठवड्यांत स्वप्ने अधिक आठवू लागतात आणि वहीत पुनरुक्ती दिसू लागते: तेच जुने घर, तीच चुकलेली गाडी, तोच मेलेला बैल. ही पुनरुक्ती म्हणजे स्वप्नाची ओळखखूण.

दुसरी पायरी दिवसाची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी तिच्यावर भर दिला. दिवसातून अनेकदा मनापासून विचारायचे: हे स्वप्न तर नाही? आणि तपासायचे. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास येतो. एखादी पाटी वाचायची, नजर वळवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नातली अक्षरे दुसऱ्या वाचनात बहुधा बदलतात. ही तपासणी यांत्रिकपणे केली तर निरुपयोगी ठरते, कारण मग स्वप्नातही ती यांत्रिकपणेच होते आणि उत्तर येते, जागाच आहे. प्रश्न खरा असायला हवा. आपण इथे कसे आलो, थोड्या वेळापूर्वी कुठे होतो, हे आठवून पाहणे हा त्या प्रश्नाचा गाभा आहे.

तिसरी पद्धत लाबर्ज यांची. तिचे इंग्रजी संक्षिप्त नाव माइल्ड. बाजारातून येताना हळद आणायची हे सकाळी ठरवले आणि संध्याकाळी दुकान दिसताच आठवले, ही भविष्यासाठी राखलेली स्मृती. माइल्डमध्ये तीच वापरली जाते. रात्री जाग आल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली एखादी विचित्र खूण निवडायची, त्या ठिकाणी आपल्याला भान आले असे कल्पनेत पाहायचे आणि झोप लागेपर्यंत मनात ठेवायचे: पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल. शब्द महत्त्वाचे नाहीत, त्यामागचा निश्चय महत्त्वाचा.

याला जोड द्यायची ती वेळेची. साधारण पाच तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, आणि पुन्हा झोपायचे. पुढची झोप पहाटेची, म्हणजे लांब स्वप्नांची असते. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे डेनहोम ॲस्पी यांनी दिवसाची तपासणी, पाच तासांनंतरची जाग आणि माइल्ड एकत्र करून पाहिले. एका आठवड्यात सुमारे 17 टक्के प्रयत्नांत सजग स्वप्न पडले. माइल्ड करून जे पाच मिनिटांत झोपी गेले, त्यांच्यात हे प्रमाण 46 टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे डोळे ताणून प्रयत्न करणाऱ्याला ते कमी साधते. निश्चय करून पटकन झोपी जाणाऱ्याला अधिक.

भान आले की पहिल्या आनंदातच स्वप्न मोडते, हा जवळजवळ सर्वांचा अनुभव. त्यावर स्वप्नातले हात एकमेकांवर चोळणे किंवा स्वप्नातच गिरकी घेणे हे उपाय सांगितले जातात. लक्ष अंथरुणातल्या शरीराकडे न जाता स्वप्नातल्या शरीरात राहते. कधी जाग आल्यासारखे वाटते, माणूस तोंड धुतो, चहा पितो, आणि मग कळते की हेही स्वप्नच. ही खोटी जाग. तेव्हाही नाकाची तपासणी उपयोगी पडते.

स्मृतिभ्रंशावरच्या गॅलँटामाइन या औषधाने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढते, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ते औषध हृदयाची गती आणि पचन यांवर परिणाम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याची ती वस्तू नव्हे. आणि रोज रात्री मध्येच उठण्याची पद्धत कुणी करू नये? ज्याची झोप आधीच तुटकी आहे, ज्याला भास होतात किंवा गंभीर मानसिक आजार आहे, त्याने. सजग स्वप्नापेक्षा पुरी झोप मोलाची आहे.

तुटक्या झोपेचा विषय निघाला की गावाकडे यावे लागते. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. लाईट रात्रीची असली की माणूस मध्यरात्री मोटार चालू करतो, दारं धरतो आणि पहाटे बाजेवर येऊन आडवा होतो. पीक भरात आले की रानडुकरांसाठी जागल असते. ऊसतोडीचे कुटुंब अंधारातच फडात असते. झोपेची वेळ अशी विस्कटली की आरईएम झोप भलत्या क्षणी येते, कधी डोळा लागताच, तर कधी अर्धवट जागेपणी.

मग जे होते ते अनेकांना ठाऊक आहे. डोळे उघडलेले, खोली दिसते, दाराची कडी दिसते, पण बोटही हलत नाही. छातीवर भार. कोणीतरी खोलीत आहे, जवळ येते आहे, छातीवर बसले आहे. ओरडावे तर आवाज फुटत नाही. काही सेकंद, फार तर काही मिनिटे. आणि एकाएकी सुटका. गावात म्हणतात मुंजा बसला, बाहेरचे झाले. उशाखाली विळा येतो, अंगारा येतो, उतारा टाकला जातो.

याला निद्रापक्षाघात म्हणतात. नेहमीच्या पक्षाघाताशी त्याचा संबंध नाही. मेंदूचा जाणीव सांभाळणारा भाग जागा झाला, पण स्नायूंवरची आरईएमची शिथिलता उठली नाही, एवढाच याचा अर्थ. छातीवर भार का? छातीचे इतर स्नायू शिथिल असतात, श्वास एकट्या पडद्यावर उथळ चाललेला असतो, आणि दीर्घ श्वास घ्यायला गेले तर तो येत नाही. माणूस का दिसतो? स्वप्नाची यंत्रणा अजून चालू असते आणि भीतीचे केंद्र जागे असते. हलता येत नाही या धोक्याला मेंदू एक चेहरा देतो. जपानात हाच अनुभव कानाशिबारी, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर बसणारी म्हातारी. चेहरे ठिकाणागणिक वेगळे, शरीरातली घटना एकच. 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे 7.6 टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत हे प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास आहे. सभागृहात शंभर माणसे असतील तर सात-आठ जणांना हे वर्णन ऐकीव वाटणार नाही.

सजग स्वप्न आणि निद्रापक्षाघात ही एकाच झोपेची दोन रूपे आहेत. जागे भान आरईएममध्ये शिरले तर सजग स्वप्न. आरईएम जागेपणात शिल्लक राहिली तर निद्रापक्षाघात. एकात माणसाला आठवते की हे स्वप्न आहे, आणि तो निर्भय होतो. दुसऱ्यात तो जागाच असतो, पण समोर दिसणारे स्वप्न आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि तो घाबरतो. म्हणूनच इथे माहिती हेच औषधाचे काम करते. हे घडते तेव्हा झगडू नये. श्वास आपोआप चालू असतो. नजर फिरवावी, एखादे बोट किंवा जीभ हलवण्यावर लक्ष एकवटावे. उताणे झोपल्यावर हा प्रकार अधिक होतो, म्हणून कुशीवर झोपावे. झोपेची वेळ शक्य तितकी एक ठेवावी, रात्रपाळीनंतर दिवसा अंधाऱ्या खोलीत झोप भरून काढावी.

ज्या घरी हे ठाऊक नसते तिथे काय होते? सून रात्री दचकते, खोलीत कोणी दिसले म्हणते, आणि तिला झाडायला नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठीच्या कायद्याचा डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. झोपेतल्या एका निरुपद्रवी घटनेसाठी मार खाणाऱ्या बाईला हा कायदा माहीत असायलाच हवा.

झोपेतल्या इतर प्रकारांची यादी मराठीत जुनीच आहे. परभणीशेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास यांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक अख्खा समास लिहिला. त्यात दात खाणारे आहेत, बरळणारे आहेत, झोपेतच उठून चालू लागणारे आणि उकिरड्यावर जाऊन पडणारेही आहेत. आजचे शास्त्र या यादीत दोन गट पाडते. लहान मुलाचे रात्री किंचाळत उठणे आणि झोपेत चालणे हे रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून होते. त्यात स्वप्नाची गोष्ट नसते आणि सकाळी मुलाला काही आठवत नाही. त्याला हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे. वयाबरोबर ते बहुधा थांबते. झोप लागता लागता पडल्यासारखा दचका बसणे निरोगी माणसालाही होते.

दुसरा गट पहाटेचा, आणि त्यातल्या एका प्रकाराकडे दुर्लक्ष करू नये. पन्नाशी उलटलेला माणूस स्वप्नातल्या भांडणात खरोखर लाथा मारतो, बुक्क्या मारतो, बाजेवरून खाली पडतो. इथे स्नायूंची शिथिलता मोडलेली असते. अमेरिकेत कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये हा आजार वर्णन केला. पुढच्या वर्षांत दिसून आले की अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जातीचा आजार जडतो. म्हणून असा माणूस घरात असेल तर बाजेभोवतीच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, अंथरूण जमिनीवर घालावे आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. तसेच निद्रापक्षाघात वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल आणि हसताना किंवा रागावताना एकाएकी गुडघ्यांतले बळ जात असेल, तर तो नार्कोलेप्सी हा वेगळा आजार असू शकतो. त्याचे निदान रात्रभराच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या झोपेच्या चाचणीने होते आणि त्यावर औषधे उपलब्ध आहेत.